बीपीच्या गोळीने आईचे पाय सुजतायत, गोळी बंद करू का?

बंद नका करू, निदान स्वतःच्या मनाने तरी नका करू. तुम्ही लिहिलंय की आईंची अ‍ॅम्लोडिपिन दोन महिन्यांपूर्वी 5 एमजीची 10 केली आणि तेव्हापासून संध्याकाळी घोटे सुजतात, आणि शेजारच्या काकूंनी किडनी गेली असेल म्हणून सगळ्यांना घाबरवून सोडलंय. मी डॉक्टर नाही हो, इंदूरला लोकमान्य नगरात राहणारी रिटायर झालेली शिक्षिका आहे, पण ह्याच गोळीने माझे पाय जवळजवळ वर्षभर सुजलेले होते आणि त्यात जो घोळ मी घालून घेतला तो तुमच्याकडे होऊ नये म्हणून एवढं टाईप करत बसलेय.

माझ्या लक्षात आलं ते अनंत चतुर्दशीला. आमच्याकडे त्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, पहाटेपर्यंत चालतं सगळं, आणि आम्ही ओळखीच्यांच्या ओटल्यावर बसून बघतो. पाच-सहा तास पाय लोंबकळत ठेवून बसले आणि उठले तर चप्पल पायात जाईना. घरी येऊन दिव्याखाली बघितलं तर जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी बोट फुगून आलेलं, जोडवं आत रुतलेलं, साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून बघितला, काही नाही, शेवटी दुसऱ्या दिवशी सोनाराकडून कापून घेतलं. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तो तसाच राहायचा, मळलेल्या कणकेत बोट खुपसल्यासारखा.

मग गेले घराजवळच्या दवाखान्यात. त्यांनी पाय बघितले, मी कुठल्या गोळ्या घेते ते काही विचारलं नाही (आणि मी पण सांगितलं नाही, माझ्या डोक्यातच आलं नाही की बीपीच्या गोळीचा पायाशी काय संबंध) आणि लघवी होण्याची गोळी लिहून दिली. ती मी संध्याकाळच्या चहाबरोबर घ्यायचे. रात्रीतून चार-पाच वेळा उठायचं, सूज जेमतेम कमी, आणि महिन्याभरात पोटऱ्यांमध्ये असे गोळे यायला लागले की झोपेतून ओरडत उठायचे, आमचे हे पाय दाबत बसायचे. रक्त तपासलं तर पोटॅशियम 3.1. मग त्याच्यासाठी एक गोड औषध, पाण्यात मिसळून घ्यायचं. म्हणजे एका गोळीने सूज, सुजेसाठी दुसरी, दुसरीने पोटॅशियम खाली, त्याच्यासाठी तिसरं. आणि मुळातली पहिली गोळी रोज सकाळी आरामात चालूच!

हे सगळं सुटलं ते मुलाने एका फिजिशियनकडे नेलं तेव्हा. त्यांनी पिशवी टेबलावर उलटी करायला लावली, सगळ्या स्ट्रिप बघितल्या आणि हसले. त्यांनी जे समजावलं ते मला आत्तापर्यंत नीट लक्षात आहे. अ‍ॅम्लोडिपिन रक्त घेऊन येणाऱ्या बारीक नळ्या सैल करते, त्यानेच बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या शिरा ती तेवढ्या सैल करत नाही. म्हणजे नळ मोठा सोडला आणि मोरीचं भोक तेवढंच, मग पाणी साचणारच, आणि ते साचतं सगळ्यात खाली, घोट्यापाशी. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते फक्त चुकीच्या जागी झिरपलेलं असतं, म्हणून लघवीच्या गोळीने ह्या सुजेला फारसा फरक पडत नाही. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझ्या किती रात्री वाचल्या असत्या.

आणि डोसचा संबंध सरळ आहे, म्हणून तुमच्या आईंचं 5 ची 10 झाल्यावर सुरू झालं हे ऐकूनच मला खात्री वाटली. ह्या गोळीच्या माहितीपत्रकात जे आकडे असतात त्यात 5 एमजीवर शंभरात साधारण 3 जणांना सूज, 10 वर जवळजवळ 11 जणांना. बायकांना पुरुषांपेक्षा बरीच जास्त होते. उन्हाळ्यात आणि खूप वेळ उभं राहिल्यावर अजून वाढते, सकाळी उठल्यावर कमी असते. तुमच्या आईंचं सकाळी कमी असतं का ते बघा जरा.

माझं काय केलं, तर 10 ची परत 5 केली आणि टेल्मिसार्टन 40 जोडली. ही दुसरी गोळी शिरा पण सैल करते, त्यामुळे सूज उतरायला मदत होते आणि बीपी पण धरून राहतं. लघवीची गोळी बंद, गोड औषध बंद. पण लगेच फरक दिसेल असं समजू नका, अ‍ॅम्लोडिपिन अंगातून हळूहळू जाते, मला पूर्ण उतरायला दोन आठवडे लागले. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते ह्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला लावलं, कारण ह्या गोळीने उलट पोटॅशियम वर जाऊ शकतं. म्हणून बाजारात ते लो सोडियम मीठ मिळतं ना, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. माझ्या जाऊबाईंनी कौतुकाने आणून दिलं होतं, परत केलं.

जाऊबाईंवरून आठवलं, त्यांना बीपीचीच दुसरी गोळी होती, रामिप्रिल, आणि चार महिने कोरडा खोकला, एक्स-रे काढले, सिरपच्या बाटल्या रिकाम्या केल्या, हळद-दूध, ज्येष्ठमध सगळं झालं. तो पण गोळीचाच निघाला, त्या जातीच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना असा खोकला होतो. गंमत म्हणजे त्या गोळ्यांचा शोध ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून लागला. हे सांगितल्यापासून त्या मला म्हणतात, तरीच!

बंद का नको म्हणतेय तेही सांगते. सूज दिसते, बीपी दिसत नाही. गोळी सोडली की आठवड्या-दोन आठवड्यांत पाय छान होतील आणि तुम्हाला वाटेल झालं काम, आणि तिकडे वरचं बीपी 170 झालेलं असेल. आणि आईंच्या यादीत अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशी बीपीची किंवा हृदयाची गोळी असेल तर ते तर एकदम सोडायचंच नाही, त्याने छातीत दुखण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्यापेक्षा सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून कागदावर लिहा, सुजलेल्या पायाचा मोबाईलवर फोटो काढा, सगळ्या स्ट्रिप पिशवीत घाला, अगदी गुडघ्यासाठी घेतात ती दुखण्याची गोळी पण, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं आणि पाय पण सुजतात, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की ही सूज 10 च्या गोळीने आहे का.

पण एक. एकच पाय सुजलेला आणि दुखरा असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल, सकाळी डोळ्यांखाली सूज असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर सात दिवस वगैरे थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. ते गोळीचं नाही, दुसरं काही असू शकतं. गोळीचीच सूज वाटली तरी एकदा लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, काकूंचं तोंड पण बंद होईल.

मीठ कमी केल्याने ही सूज जात नाही पण बीपीला फायदा आहेच. पोह्यांवर सेव आणि जिरावण (आमच्याकडचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) नाही म्हणजे इंदूरच्या माणसाला शिक्षाच आहे, आणि जिरावणात काळं मीठ असतं हे मला साठाव्या वर्षी कळलं. आता चिमूटभर घेते, रविवारी.

अरे हो, आईंच्या हिरड्या फुगल्यात का, ब्रश करताना रक्त येतं का, हेही विचारून घ्या. क्वचित होतं पण तेही ह्याच गोळीने होऊ शकतं, आणि लोक दाताच्या डॉक्टरांकडे चकरा मारत बसतात.