उतरत उतरत सुळका सर?

साताऱ्याच्या एका ट्रेकर मुलीने विचारलंय, ‘रॅपलिंग’ला मराठीत ‘दोरारोहण’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. आरोहण म्हणजे चढणं आणि रॅपलिंग म्हणजे दोरावरून उतरणं. दोष तिचा नाही. ‘रॅपलिंग करत सुळका सर केला’ असली बातमी वाचली की माझा चहा तिथेच गार होतो. उतरत उतरत सर कसा करता बाबांनो? मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘परत बोलावणं’. दोर वरच्या आधारातून दुहेरी सोडायचा, खाली पोचल्यावर एक टोक ओढायचं, की दोर मुकाट खाली हजर. परतीचे दोर कापल्यातच जमा!

पण खरी गंमत त्या दोराबरोबरच्या कॅरॅबिनरमध्ये, म्हणजे उघडमीट होणाऱ्या धातूच्या कडीमध्ये आहे. परवा राजवाड्याजवळच्या टपरीवर एक पोरगा कमरेला लटकवलेल्या कॅरॅबिनरची जीभ अंगठ्याने उघडमीट करत बसला होता, टक्‌ टक्‌. त्यात बुलेटची किल्ली. म्हटलं, लेका, बंदुकीचा आकडा लावून हिंडतोयस. जर्मनमध्ये पूर्ण शब्द ‘काराबिनरहाकन’. काराबिनर म्हणजे घोडेस्वार बाळगायचा ती कार्बाइन बंदूक, हाकन म्हणजे आकडा. खांद्यावरून आडव्या घेतलेल्या पट्ट्याला स्वार आपली आखूड बंदूक या आकड्याने अडकवायचा. 1910च्या सुमारास ऑटो हर्झोग या जर्मन गिर्यारोहकाने तसला आकडा कड्यावर नेला असं मानतात. इंग्रजीने पुढे आकडा गाळला आणि नुसती बंदूक ठेवली!

आणि ही कार्बाइन आपल्याकडे कधीचीच आलेली आहे: कडाबीन. एका विद्वानांनी मला छातीठोकपणे ऐकवलं, की यातला ‘कडा’ म्हणजे डोंगराचा कडा, कड्यावरून झाडायची ती कडाबीन. अहो, स्वार काय घोड्यासकट वासोट्याचा बाबुकडा चढत होता? ‘कराबीन’ असंही रूप आहेच, म्हणजे मूळचा ‘र’ स्पष्ट दिसतो. त्याचा ‘ड’ झाला तो माझ्या मते ‘कडाडणे’मुळे. बार उडाला की ती कडाडणारच, मग लोकांनी नावातही तो आवाज भरला. हा माझा तर्क आहे, पण डोंगराच्या कड्यापेक्षा शंभर पटींनी बरा.

हां, ‘दोरारोहण’ राहिलंच. टाकू नका तो शब्द. दोराला जुमार नावाची पकड लावून वर सरकतात ना, त्या जुमारिंगला तो चपखल बसेल. जुमार हे नावसुद्धा जुसी आणि मार्टी या दोन स्विस आडनावांची सुरुवात जोडून केलेलं आहे. रॅपलिंगला सरळ ‘दोरउतार’ म्हणा.