आधी जागा, मग गाडी

तुम्ही लिहिलंय की परळला जुन्या इमारतीत राहता, आवार आहे पण कोणाची गाडी कुठे असं ठरलेलं नाही. घरात दोघं, तीन वर्षांची मुलगी आणि आई. नोकरीला दोघंही लोकलने जाता. गणपतीत आणि मे महिन्यात चिपळूण. आठ-साडेआठ लाखांत पहिली गाडी घ्यायची आहे आणि तीन मॉडेलांतलं एक आम्ही निवडून द्यावं. तिन्ही गाड्या चांगल्या आहेत. पण नाव सांगायच्या आधी मला हे कळायला हवं, की रात्री ती उभी कुठे राहणार?

मुंबईत पहिली गाडी घेणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी हा प्रश्न डिलिव्हरीनंतर सोडवायला घेतला. मग पे अँड पार्कचे पैसे, नाहीतर रस्त्याकडेला लावून टोइंगची धास्ती, आणि रोज रात्री जागेवरून शेजाऱ्यांशी कुरबुर. तेव्हा या रविवारी टेप घेऊन आवारात उतरा. चार मीटरच्या आतल्या गाड्या साधारण 1.6 ते 1.8 मीटर रुंद असतात, आरसे त्याच्या बाहेर. दार उघडून मुलीला कडेवर घेऊन उतरता येईल एवढी जागा निदान एका बाजूला सुटते का? फाटकातून वळताना किती वेळा मागेपुढे करावं लागेल? सोसायटी असेल तर कमिटीकडून पार्किंगचं लेखी घ्या. जागा ‘विकत’ देतो म्हणणाऱ्या बिल्डरपासून मात्र जपून. स्टिल्टखालचं (इमारतीखाली खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं आहे.

मापं घेताना आणखी एक विचारा: पावसात इथे पाणी कुठवर येतं? तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. दर पावसाळ्यात पाणी तुंबणारं हिंदमाता तुमच्यापासून लांब नाही. हे मी पोटतिडकीने सांगतेय, कारण 29 ऑगस्ट 2017 ला माझी गाडी तिथल्याच एका गल्लीत उभी होती. रात्री पाणी सीटपर्यंत चढलं. सकाळी ओसरलं, गाडी वरून धड दिसत होती, म्हणून मी चावी फिरवली. एकदा ‘खट्’ झालं आणि सगळं थांबलं. हवेसारखं पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून नेली असती तर साफसफाईवर भागलं असतं. इंजिन उघडावं लागलं, बिल लाखाच्या घरात गेलं आणि क्लेम नाकारला गेला. माझी पॉलिसी साधी होती, तिच्यात इंजिनाचं संरक्षण नव्हतं. ते मी वाचलंच नव्हतं.

म्हणून विम्याचं इथे नीट बोलते. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा 3 वर्षांचा घ्यावाच लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग 1 वर्षाचाही चालतो. शोरूमवाले स्वतःची पॉलिसी पुढे करतील. ती घ्यायची सक्ती नाही. तेच कव्हर आणि तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ठेवून बाहेरून दोन कोटेशनं आणा. बऱ्याचदा तेवढ्यावर शोरूमचा आकडा खाली येतो. परळला राहून इंजिन प्रोटेक्शन आणि झिरो डेप (सुट्या भागांचे पैसे घसारा न कापता देणारं कव्हर) सोडू नका. टायर, चावी, सामान यांची कव्हरं सोडलीत तरी चालेल. आणि गाडी बुडालीच तर चावीला हात लावू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टो करून न्या.

आता पैसे. साडेआठ लाख हे बजेट ऑन-रोड धरा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर 11 टक्के आहे, म्हणजे 7 लाखांच्या गाडीवर 77 हजार. वर विमा, नोंदणी, फास्टॅग. नातेवाइकांनी सांगितलेल्या जुन्या किमती धरू नका, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर ते खोडायला सांगा. कर्ज 5 वर्षांपेक्षा लांबवू नका. 6 लाखांवर 9 टक्क्यांनी 5 वर्षांचा हप्ता सुमारे 12,450 आणि 7 वर्षांचा 9,650 येतो. हप्ता हलका दिसतो, पण व्याज 60 हजारांच्या वर वाढतं.

सीएनजीचा विचार करताय, पण तुमचं चालवणं महिन्याला चारशे किलोमीटरच्या वर जाईल असं वाटत नाही. एवढ्यावर हजार-दीड हजार वाचतील, आणि त्यासाठी गाडीला जास्तीचे पैसे, पंपावरची रांग, दर 3 वर्षांनी सिलिंडरची टेस्ट. शिवाय सिलिंडर डिकीत बसतो, मग गणपतीला जाताना आईची औषधं, मखराचं सामान, मुलीची सायकल कुठे ठेवणार? पेट्रोलच घ्या.

ऑटोमॅटिक घ्या, हे मात्र ठामपणे सांगते. शिकाऊ माणसाला लालबागच्या पुलाच्या चढावर हाफ-क्लचवर गाडी धरून ठेवायचा ताण फार मोठा असतो, आणि त्या ताणाने कितीतरी जण महिन्याभरात गाडी चालवणंच सोडतात. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर आपोआप चालणारा) स्वस्त पडते, पण गिअर बदलताना हलका झटका देते. टेस्ट ड्राइव्ह घेताना सेल्समन नेतो त्या मोकळ्या रस्त्याने जाऊ नका. संध्याकाळी सातला गर्दीत आणि एखाद्या पुलाच्या चढावर चालवून बघा. आईंना सोबत न्या, त्यांना गुडघ्यावर हात न टेकता बसता-उतरता येतं का बघा. मुलीची चाइल्ड सीट लावायला मागे आयसोफिक्स (सीट थेट अडकवायचे हूक) आहे ना, तेही तपासा.

सेकंड हँड बघितलीत तर सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेली गाडी कितीही चकाचक केली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, सीटखालच्या रुळांवर गंज असतो.

नवी घेतलीत तर पासिंगच्या आधी, दिवसाउजेडी, यार्डात जाऊन गाडी बघा. फॉर्म 22 वर (गाडीसोबत येणारं कंपनीचं प्रमाणपत्र) बनावटीचा महिना असतो. तो सात-आठ महिने जुना निघाला तर दुसरी मागा. नंबर पडल्यावर बदलून मिळत नाही.

तेवढी आवाराची लांबी-रुंदी, फाटकाची रुंदी आणि दुकानदाराने भिंतीवर दाखवलेली पाण्याची उंची इथे लिहा. तुमच्या तीन गाड्यांपैकी एक बाकी दोघींपेक्षा बरीच रुंद आहे, ती बसते का हे त्यावरच ठरेल.