मुलगी शाळेत जात नाही, रात्रभर जागी असते. डॉक्टरांकडे नेलं तर भरती करून घेतील का?

ताई, तुमची मुलगी आठवीत, दीड महिन्यापासून शाळा बंद, रात्री झोप नाही, आणि घरचे म्हणतात बाहेर बोलू नकोस. भरतीचं आधी सांगते, कारण त्याच भीतीपायी मी चार महिने घालवले.

माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. नागपुरात छिंदवाडा रोडने त्याच्या मावशीकडे जाताना ऑटोवाला ‘पागलखाना चौक’ ओरडला की हा दप्तर छातीशी धरून खाली वाकायचा, बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून. नंतर मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर त्याने एवढंच विचारलं, "तिथे ठेवशील का मला?"

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मी तेव्हा वाचायला हवा होता. अठरा वर्षांखालच्या मुलाला अपवाद म्हणूनच भरती करता येतं. त्याच्या वस्तीत राहून करता येणारे उपाय थकले किंवा लागूच पडत नाहीत, असं असावं लागतं. एका डॉक्टराच्या म्हणण्यावर होत नाही, दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यात एक तरी मानसोपचारतज्ज्ञ. मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत. मुलगी असेल आणि पालक म्हणून पुरुष असेल, तर सोबतीला बाई हवीच. हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

आज मात्र एक काम करा. तिला सरळ विचारा, जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री-बेरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तसं नसेल तर मेडिकलची, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याची, मानसोपचार ओपीडी गाठा. सकाळी लवकर जा, आणि सोबत वही न्या. मी साध्या शंभर पानी वहीत रोज चार ओळी लिहायची: किती वाजता झोपला, काय खाल्लं, कशावरून रडला, कोणाशी बोलला. डॉक्टरांनी ती उलटून पाहिली आणि माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट दाखवली. रविवारची रात्र सगळ्यात वाईट, शनिवारची बरी. म्हणजे गाठ शाळेत होती. वर्गात त्याला वाचायला उभं करून हसायचे.

शाळेत जाणं माझ्यासाठी सगळ्यात अवघड गेलं. पहिल्याच भेटीत मला सांगितलं, टीसी घेऊन जा. मी रडत घरी आले. मग कळलं, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टरांचं पत्र आणि स्वतःचा अर्ज घेऊन गेले, अर्जाची पोच घेतली. तीनच गोष्टी मागितल्या: दाराजवळचा बाक, जीव घाबरला तर न विचारता बाहेर जायची मुभा, आणि मोठ्याने वाचायला उभं न करणं. तुम्हीही मागणी लेखीच द्या, तोंडी बोलणं विरून जातं. पहिला आठवडा तो फक्त फाटकापर्यंत गेला, मग दोन तास बसू लागला. मध्ये पुन्हा घसरला, गोळ्याही काही महिने चालल्या. पूर्ण दिवस बसायला दिवाळी उजाडली.

घरच्यांचं म्हणाल, तर माझ्या सासूबाई ‘चार लोकांत नाव जाईल’ म्हणून सगळ्यात जास्त विरोधात होत्या. तिसऱ्या खेपेला त्यांना ओपीडीत सोबत नेलं. बाकावर आमच्यासारखीच आजी-नातवंडं बसलेली. शेजारची एक म्हातारी त्यांच्याशी वांग्याच्या भावावर बोलू लागली, मग नातीवर. दुसऱ्या दिवसापासून फाटकापर्यंत सासूबाईच त्याच्यासोबत जायला लागल्या. तुमच्याही घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एकदा तिथे घेऊन जा.