नागोयाचा मिसो कात्सुदोन पहिल्यांदा करताना

मिसो कात्सुदोन म्हणजे गरम भातावर तळलेला पोर्क कटलेट आणि त्यावर मिसोचा सॉस, जपानमधल्या नागोया शहराची खासियत. आधी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) नीट बघून घ्या. या भाताला पांढरा मिसो चालत नाही. लागतो तो नागोयाजवळच्या ओकाझाकी शहरातला हाच्चो मिसो: निव्वळ सोयाबीन आणि मिठाचा, दोन वर्षांहून जास्त मुरलेला, रंगाने जवळपास काळा. दोघांसाठी 50 ग्रॅम मिसो, 40 ग्रॅम साखर, 2 मोठे चमचे मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची वाइन) आणि 100 मिली दाशी (जपानी पातळ स्टॉक) घ्या. हा मिसो फार घट्ट असतो, म्हणून दाशी चमच्याचमच्याने घालत कालवा. एकदम ओतलीत तर गुठळ्या राहतात. मंद आचेवर सतत ढवळा, तळाला लागला की कडवटपणा जात नाही. चमच्यावर जाडसर थर धरला की लगेच उतरवा, गार होताना तो आणखी आळून येतो.

पोर्कचा तुकडा दीड सेंटीमीटर जाड हवा. चरबी आणि मांस जुळतात तिथली शीर चार-पाच ठिकाणी कापाच, नाहीतर तेलात तुकडा आक्रसून वाकतो. मैदा, अंडं, पांको (जपानी ब्रेडक्रम्ब्स), मग 170 अंशांवर पाचेक मिनिटं. तळल्यावर जाळीवर ठेवा. कागदावर वाफेने खालची बाजू मऊ पडते.

गरम भात, बारीक चिरलेला कोबी, वर कापलेला कटलेट. नेहमीच्या कात्सुदोनसारखं कांदा-अंड्यात शिजवू नका. सॉस अगदी वाढताना घाला.