एकाच आजोबांचे दोन फोटो, एक जर्मन गणवेशात आणि एक पोलिश: खरं काय ते कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायकोचे आजोबा पोलंडमधल्या कातोवित्सेजवळचे, जन्म 1922 चा. घरात त्यांचे दोन फोटो आहेत. एक वेअरमाख्टच्या, म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याच्या गणवेशात. दुसरा ब्रिटिश धाटणीच्या गणवेशात, खांद्यावर ‘पोलंड’ अशी पट्टी. घरातले मोठे या विषयावर बोलत नाहीत. आजोबा नेमके कोणाच्या बाजूनं लढले?

दोन्ही बाजूंनी लढले असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि त्यात फितुरीचा संबंध असेलच असं नाही. आपल्याकडे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीमुळे ‘युद्धातले पोलिश’ म्हटलं की सोव्हिएत रशियातून सुटून आलेली कुटुंबं डोळ्यांसमोर येतात. ती पूर्व पोलंडची. तुमच्या बायकोचे आजोबा अप्पर सिलेसियाचे, म्हणजे कातोवित्सेभोवतीच्या भागातले, त्यांची वाट सर्वस्वी वेगळी.

1939 च्या ऑक्टोबरात जर्मनीनं हा भाग थेट स्वतःला जोडून घेतला. मार्च 1941 मध्ये ‘फोल्क्सलिस्टे’ म्हणजे ‘जर्मन लोकांची यादी’ करण्याचा हुकूम निघाला आणि कोणाला किती जर्मन मानायचं यावरून लोकांना चार गटांत टाकलं गेलं. पहिल्या-दुसऱ्या गटाला निळं ओळखपत्र, तिसऱ्याला हिरवं, चौथ्याला लाल. सिलेसियातली बहुसंख्य कुटुंबं तिसऱ्या गटात गेली. त्यांचं नागरिकत्व काढून घेता येण्याजोगं होतं, पण पोरांना सैन्यभरती मात्र सक्तीची. अर्ज भरायला नकार दिला तर घर जाणार, हद्दपारी किंवा छळछावणी नशिबी येणार. कातोवित्सेचे बिशप आदाम्स्की यांनीच लोकांना सह्या करून जीव वाचवा असं सुचवलं होतं. म्हणून घरात हिरवं ओळखपत्र सापडलं तर त्यावरून आजोबांची निष्ठा ठरवू नका. त्यातून एवढंच कळतं की भरतीचा कागद घरी येणार होता.

मग हे तरुण नॉर्मंडीत किंवा इटलीत दोस्त राष्ट्रांच्या हाती लागले की युद्धकैद्यांच्या छावणीत पोलिश अधिकारी येऊन त्यांना निवडून नेत. असे जवळपास 90 हजार जण पश्चिमेकडच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूनं लढणाऱ्या, पोलिश सैन्यात गेले. आणि तुमचा शोध नेमका इथेच अडेल, कारण यातल्या अनेकांनी नवीन सैन्यात खोटं नाव घेतलं. गावाकडे आईवडील अजून जर्मन राजवटीत होते. मुलगा उलटला हे कळलं असतं तर शिक्षा त्यांना झाली असती. म्हणजे एकाच माणसाच्या जर्मन आणि पोलिश नोंदी दोन वेगळ्या नावांनी असू शकतात.

हे प्रकरण पोलंडमध्ये किती नाजूक आहे ते 2005 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दिसलं. उमेदवार डोनाल्ड टुस्क यांचे आजोबा वेअरमाख्टमध्ये स्वखुशीनं गेले होते, असा आरोप ऐन प्रचारात झाला. टुस्क यांच्या बाजूनं आधी ठाम नकार, मग कागद निघाले. आजोबा युझेफ टुस्क 1939 मध्ये अटकेत, पुढे श्टुटहोफ आणि नॉयनगामं या छावण्यांत, ऑगस्ट 1944 मध्ये सक्तीनं भरती, आणि काही महिन्यांतच पोलिश सैन्याच्या यादीत. नुसतं ‘वेअरमाख्टमध्ये होते’ हे खरं होतं. तारखा लावल्यावर चित्रच पालटलं. तुमच्याही घरात तारखा लावणं हेच खरं काम आहे.

सुरुवात सैन्यापासून करू नका, गावापासून करा. 1921 च्या सार्वमतानंतर 1922 मध्ये अप्पर सिलेसियाची फाळणी झाली. कातोवित्से, होजूफ पोलंडकडे. बितोम, ग्लिवित्से, झाब्झे जर्मनीत राहिले. मधे ट्रामनं जाण्याइतकं अंतर. आजोबांचं घर बितोमच्या बाजूला असेल तर ते आधीपासूनच जर्मन नागरिक, त्यांची फोल्क्सलिस्टे फाइल मुळातच नसणार आणि ती शोधण्यात महिने वाया जातील. युद्धानंतरचे कागदही त्यानुसार वेगळे: पोलंडच्या बाजूचे यादीवाले लोक ‘पुनर्वसन’ म्हणून कोर्टात किंवा प्रशासनापुढे निष्ठेची खात्री देत, तर जुन्या जर्मन बाजूच्यांची ‘पडताळणी’ होई. दोन्ही फायलींसाठी कातोवित्सेच्या सरकारी अभिलेखागाराकडे विचारा, पण पत्रात योग्य शब्द वापरा.

प्रत्येक गावाचं जर्मन नाव शोधून ठेवा. बितोम म्हणजे बॉयथेन, ग्लिवित्से म्हणजे ग्लायवित्स, झाब्झे म्हणजे हिंडेनबुर्ग. माणसांचंही तसंच: यान जर्मन कागदात योहान होतो, वोइचेख तर चक्क आडालबर्ट. आडनावाची तीन-चार स्पेलिंगं एका कागदावर लिहून काढा. आजोबांच्या जन्माची मूळ नोंद 1922 ची, म्हणून ती आधी सरकारी अभिलेखागारात विचारा, तिथे नसेल तर गावच्या नागरी नोंदणी कार्यालयात. पोलंडमध्ये जन्माची नोंद 100 वर्षांनी आणि लग्न-मृत्यूची 80 वर्षांनी अभिलेखागाराकडे जाते, तोवर ती कार्यालयात असते आणि नातेवाइकांनाच मिळते, म्हणून तिथला अर्ज बायकोच्या सहीनं करा.

जर्मन बाजूचे कागद बर्लिनला आहेत. पूर्वीची डॉइचे डीन्स्टश्टेले, म्हणजे जर्मन सैनिकांच्या नोंदी ठेवणारी कचेरी, 2019 पासून बुंडेसआर्काइवचा (जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा) भाग झाली. तिथल्या कार्डांच्या संग्रहात 1 कोटी 80 लाखांवर नावं आहेत. अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि मृत्यूचा दाखला द्या. मृत्यूला 10 वर्षं झाली नसतील तर परवानगीचा प्रश्न येतो. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात.

घरात आजोबांचा जर्मन सैन्यातला ओळखीचा बिल्ला असेल तर तो नीट बघा: लंबगोल पत्रा, मधे तीन फटी, दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर. सैनिक मेला की खालचा अर्धा मोडून कळवायला न्यायचा, वरचा प्रेताबरोबर राहायचा. त्यावर तुकडीचं नाव, क्रमांक आणि बहुधा रक्तगट असतो. लोक हमखास चुकतात ते इथे: ती तुकडी म्हणजे आजोबा जिथे लढले ती नव्हे, तर बिल्ला जिथे दिला ती, बहुतेक वेळा भरती-प्रशिक्षणाची बटालियन. खरी हालचाल ‘झोल्डबुख’ या खिशातल्या पुस्तिकेत किंवा ‘वेअरपास’ या लष्करी सेवेच्या नोंदवहीत सापडते. पत्रांवर पाच आकडी फेल्डपोस्ट (लष्करी टपाल) क्रमांक असेल तर त्यावरूनही तुकडी काढता येते, फक्त क्रमांक दुसऱ्या तुकडीकडे गेला असू शकतो, म्हणून पत्राची तारीख सोबत हवीच.

पोलिश बाजूसाठी तीन दारं ठोठवा: लंडनची सिकोर्स्की संस्था (तिथे पोलिश सैन्याचे कागद आहेत), वॉर्सातल्या रेम्बेर्तूफचं लष्करी अभिलेखागार, आणि ब्रिटनमधल्या सेवा-नोंदी. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या नोंदी टप्प्याटप्प्यानं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जात आहेत, तेव्हा आधी फाइल सध्या कुणाकडे आहे ते विचारून घ्या. नावानं काही मिळालं नाही तर जन्मतारीख आणि जन्मगावावरून शोधायची विनंती करा. नाव बदललेला माणूस तारीख आणि आईचं नावही बदलतोच असं नाही. फोटोच्या मागचं लिखाण, लंडनहून आलेल्या पाकिटावरचा पत्ता, एखाद्या पदकाच्या कागदावरचं अनोळखी नाव, यातलं काहीही दुसरं नाव असू शकतं.

दोन्हीकडचे कागद आले की कैद झाल्याची आणि पोलिश भरतीची तारीख शेजारी ठेवा. मधे काही आठवडे असतील तर गोष्ट सरळ आहे. कैदेची नोंदच नसेल तर आजोबा पळून गेले असावेत, पण नुसत्या रिकाम्या जागेवरून तसं गृहीत धरू नका.

आणि घराण्यातला कुणी 1945 मध्ये ‘बेपत्ता’ असेल तर तो सैनिकच होता असं समजू नका. त्या वर्षाच्या सुरुवातीला सोव्हिएत फौजांनी सिलेसियातल्या हजारो खाणकामगारांना युक्रेनमधल्या दोनबासकडे नेलं, त्यांतले बरेच परतले नाहीत. त्यांची नावं जर्मन सैन्याच्या कागदांत सापडणार नाहीत.

पणजोबांपर्यंत जायचं असेल तर ते पहिल्या महायुद्धात प्रशियाच्या सैन्यात असणार. त्या सैन्याच्या बहुतेक वैयक्तिक फायली एप्रिल 1945 मध्ये पोट्सडामच्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. उरल्या त्या जखमी-मृतांच्या छापील याद्या, त्या जर्मन वंशावळ-संशोधकांच्या संस्थेनं ऑनलाइन मोफत शोधता येतील अशा करून ठेवल्या आहेत. ते 1919 ते 1921 च्या सिलेसियातल्या उठावांत पोलंडच्या बाजूनं होते का, हेही रेम्बेर्तूफलाच विचारा, आजोबांच्या अर्जाबरोबर एकाच पत्रात.