टुरीन, ट्युरिन आणि तहान

प्रश्न असा आलाय: "जुन्या इंग्लिश डिनर सेटमधली भांडी जमवायला लागलोय. सूप वाढायच्या मोठ्या झाकणवाल्या भांड्याला टुरीन म्हणतात, आणि ते इटलीतल्या ट्युरिन शहरात पहिल्यांदा बनलं म्हणून हे नाव पडलं, असं विकणाऱ्याने सांगितलं. खरं आहे का? आणि मराठीत काय म्हणावं, तो टुरीन की ते टुरीन?"

नाही, खरं नाही. आणि हे ट्युरिन प्रकरण आता खरंच थांबायला हवं, जो उठतो तो हेच सांगत सुटतो. ट्युरिनचं नाव टॉरिनी नावाच्या जुन्या टोळीवरून आलंय, तिथले लोक शहराला तोरिनो म्हणतात, आणि सूपच्या भांड्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. दुसरी एक कथा याहून रंगवून सांगतात, की फ्रान्सचा सेनापती मार्शल त्युरेन याने लढाईच्या धामधुमीत शिरस्त्राण उलटं करून त्यात सूप घेतलं म्हणून टुरीन. हा त्युरेन १६११ साली जन्मला आणि १६७५ साली लढाईत तोफेच्या गोळ्याने गेला. फ्रेंचमध्ये मातीच्या भांड्याला तेरीन म्हणायची रीत त्याच्या जन्माआधीपासून चालत आलेली आहे. विषय संपला.

तर मूळ शब्द हा तेरीन. तेरीन म्हणजे मातीचं, लॅटिन तेरा म्हणजे जमीन, माती, त्यावरून. टेराकोटातला टेरा तोच. इंग्रजांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द उचलला, त्याचं टुरीन केलं, आणि गंमत म्हणजे आज फ्रेंच माणूस सूपच्या भांड्याला सूपिएर म्हणतो. तेरीन त्याच्याकडे मांसाचा थापलेला पदार्थ आणि तो ज्यात भाजतात ते भांडं यासाठी राहिलाय, आणि त्या अर्थाने तो इंग्रजीत परत एकदा आला. म्हणजे एकच शब्द एका भाषेत दोनदा, दोन रूपांत.

पण मला खरा आनंद होतो तो याच्या पुढे. तेरा हा शब्द ज्या धातूवरून आलाय असं भाषाशास्त्रज्ञ मानतात त्याचा अर्थ 'कोरडं होणं, सुकणं'. तेरा म्हणजे कोरडी जागा, पाणी नसलेली. आणि तोच धातू आपल्याकडे संस्कृतात तृष् म्हणून आहे, त्याची तृष्णा, तिची प्राकृतात तण्हा, आणि मराठीत तहान! इंग्रजी थर्स्ट तोच, फारसी तिश्ना आणि गझलेतली तिश्नगी तीच. लॅटिनमध्ये याच धातूपासून सुकवणं, भाजणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि त्यातून इंग्रजीचा टोस्ट आला. म्हणजे टेबलावर टुरीन ठेवलंय, शेजारी टोस्ट आहे आणि कुणाला तहान लागलीय, तर तिथे एकाच कुळातले तीन शब्द हजर आहेत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत आलोय, आणि पुढेही सांगणार.

आणि हे नुसतं कोशातलं नातं नाही, भांड्यात दिसतं. वेजवुड या इंग्लंडमधल्या भांड्यांच्या कारखान्याच्या क्रीमवेअरचं जुनं टुरीन हातात घ्या. हे क्रीमवेअर म्हणजे पांढरी भाजली जाणारी माती आणि गारगोटीची पूड, त्यावर शिशाची झिलई. पोर्सिलेन, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली चिनी माती, ती नाही, साधं मातकाम. आतली माती सच्छिद्र असते, पाणी ओढून घेते, तिला अडवून ठेवते ती फक्त वरची झिलई. झिलईला एकदा बारीक तडे गेले की रस्सा आणि चरबी त्यातून आत शिरते आणि तड्यांच्या कडेने तपकिरी डाग उमटतात, ते वरवर पुसून जात नाहीत. ही माती खरोखर पिते हो! आणि हीच माती राजघराण्यांच्या टेबलावर होती. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी वेजवुडने १७७३-७४ मध्ये बनवलेला, प्रत्येक नगावर हिरवा बेडूक असलेला ९५२ नगांचा सेट क्रीमवेअरचा आहे, म्हणजे मातीचाच.

म्हणून कुणी पांढरं जुनं भांडं दिसलं की "बोन चायनाचं टुरीन" म्हणतं तेव्हा माझं डोकं फिरतं. बोन चायना ही वेगळी चीज आहे. साधारण निम्मी हाडांची राख, उरलेल्यात कॉर्नवॉलचा दगड आणि चिनी माती, आणि ती आज ज्या रूपात आहे ते स्पोड या कारखानदाराने १८०० च्या आसपास इंग्लंडमधल्या स्टोकमध्ये बसवलं. उजेडासमोर धरून मागे बोटं हलवा, बोटांची सावली दिसली तर बोन चायना असू शकतं. क्रीमवेअरमधून काहीच दिसत नाही. मेसन या आणखी एका इंग्लिश कारखानदाराचं आयर्नस्टोन चायना, १८१३ चं पेटंट, त्याच्या नावातही चायना आहे पण तेही मातकामच. नावाला भुलू नका. आणि बुडावर 'इंग्लंड' छापलेलं असेल तर विकणारा कितीही १८वं शतक १८वं शतक म्हणो, ते बहुतेक १८९१ नंतरचं असतं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. 'मेड इन इंग्लंड' तर २०व्या शतकातलं धरा.

आता तेरीनचं टुरीन कसं झालं. काही शब्दकोश म्हणतात की ट्युरिन शहराच्या नावाची छाप पडून स्पेलिंग बदललं असावं. 'असावं' आपलं, पुरावा देत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. इंग्रजीत या शब्दाचा सगळा जोर शेवटच्या 'रीन'वर आहे, पहिला स्वर नुसता पुसट उच्चारला जातो. पुसट स्वर कानावर पडला की लिहिणारा वाट्टेल ते लिहितो, तेर, तर, तुर, काहीही. सामानाच्या याद्या लिहिणारे कारकून, स्वयंपाकी, दुकानदार, सगळे कानाने ऐकून लिहिणारे. त्यासाठी इटलीतलं शहर मध्ये आणायची गरजच काय? आपण हॉस्पिटलचं इस्पितळ केलं ते पितळेकडे बघून केलं का? उलट माझं मत असं की शहराचं नाव नंतर आठवलं, आधी स्पेलिंग घसरलं आणि मग लोकांनी त्याला ओळखीचं कारण चिकटवलं. आजही ब्रिटिश माणसं 'तरीन' आणि 'ट्युरीन' असे दोन्ही उच्चार करतात, यातला दुसरा मला सरळसरळ स्पेलिंग बघून केलेला वाटतो. कोशकारांनी याला उत्तर द्यावं, मग बोलू.

हे सगळं मातीबद्दल, पण शब्दाने माती केव्हाच सोडली. लंडनच्या कारागिरांनी चांदीची टुरीनं केली, म्हणजे शब्दशः चांदीचं मातीचं भांडं. लंडनमधल्या चेल्सीच्या कारखान्याने १७५० च्या दशकात पोर्सिलेनची सशाच्या आकाराची, पिल्लांसकट कोंबडीच्या आकाराची केली, पाठ उचलली की झाकण निघतं.

मराठीचं म्हणाल तर काहीजण 'सूपपात्र' सुचवतात. कृपा करून नको. मराठीत सूप म्हणजे पाखडायचं सूप, संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि इंग्रजी सूप या दोघांतूनही आलेलं नाही. "सूप शब्द संस्कृतातून इंग्रजीत गेला" हे जे फिरत असतं तेही चूक आहे, तो रश्श्यात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याच्या नावावरून आलाय. शिवाय टुरीन सूपपुरतं नसतं, सॉसचं छोटं असतं, भाजीचंही असतं. 'सट'ही नको, सट लोणच्याची, ती टेबलावर फिरत नाही.

तेव्हा टुरीनच म्हणा, नपुंसकलिंगी, कारण आपल्या मनात ते भांडं आहे. ते टुरीन, ती टुरीनं, टुरीनचं झाकण, टुरीनाचं नाही. आणि घ्यायला जाल तेव्हा झाकणाच्या कडेला पळीच्या दांड्यासाठी खाच आहे का बघा, खाली बशीसारखा स्टँड मूळचाच आहे का विचारा, कारण पळी आणि स्टँड हे दोन नग सगळ्यात आधी फुटतात किंवा हरवतात आणि मग दुसऱ्याच सेटमधले आणून जोडलेले असतात. झाकण आणि स्टँडवरची किनार, नक्षीत निळा असेल तर त्याची छटा, झिलईचा रंग एकमेकांशी ताडून बघा, जुळत नसतील तर किंमत अर्ध्यावर आणा नाहीतर सोडून द्या.