सेकंड हँड पिकअप घेतली, आता मॉडिफिकेशन कुठून सुरू करू?

तुम्ही विचारलंय की दहा वर्षं जुनी पिकअप घेतली आहे, मोठे टायर, थोडी उंची, मागे जादा पाटा (सस्पेन्शनच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी) आणि पुढे जोरदार लाइट असं सगळं करायचंय, तर आधी काय करावं? माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन महिने यातलं काहीच करू नका. गाडी नवी असताना जशी चालत होती तशी आधी तिला करा. मी उलटा क्रम धरला होता, म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

एखाद्या सकाळी टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन गाडीखाली शिरा. चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हलके ठोके मारत जा, विशेषतः मागच्या ॲक्सलच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाच्या) वर आणि पाटे चॅसीला टांगणारे हँगर बसतात तिथे. शाबूत लोखंड टणटण वाजतं. आवाज बद्द आला किंवा गंजाचे पापुद्रे अंगावर पडले, तर बाकी सगळा बेत बाजूला ठेवून आधी चॅसीचं बघा. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तिथे दोनदा ठोका.

मग ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओल शिरल्यावर तो 155 च्या आसपास उतरू शकतो. भरल्या गाडीने लांब उतार उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळतं आणि पेडल मऊ पडतं ते यामुळेच. इंजिनला टायमिंग बेल्ट (आतले भाग ताळमेळात फिरवणारा पट्टा) असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, तेही वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं.

आता पाट्यांचं, कारण माझी चूक इथेच झाली. मी मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. गाडी मागून दोन इंच उचलली गेली, दिसायला छान वाटली. पण माल भरला की ब्रेक लांबायला लागला आणि नाक खाली दाबलं जायचं. पुढचे पॅड लवकर संपले. पॅड बदलले, ब्रेकमधली हवा काढली, तरी फरक नाही. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने मागच्या ॲक्सलजवळची एक बारीक दांडी दाखवली. बऱ्याच पिकअपमध्ये तिथे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चॅसी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर बघून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. मी अंतर वाढवलं होतं, म्हणून भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटत होती. दांडीची जागा मॅन्युअलमधल्या मापानुसार बदलल्यावर ब्रेक पूर्ववत झाला. तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह असेल तर पाट्याचं किंवा उंचीचं काम करणाऱ्याला आधी तो दाखवा. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू देऊ नका, एकदा आवळून ताणले गेलेले असतात. नवे घातल्यावर काहीशे किलोमीटरनंतर परत आवळून घ्या.

आणि जादा पाटा घातला म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच राहतात. लोखंडी बंपर, हौद्यावरचा कॅरियर, टूलबॉक्स, तुम्ही आणि शेजारी बसणारा, हे सगळं वजन मालाच्या हिशोबातून वजा होतं.

मोठ्या टायरचा हिशोब कागदावर करा. 245/70 आर 16 चा व्यास साधारण 749 मिमी, तर 265/75 आर 16 चा 804. म्हणजे सात टक्क्यांहून जास्त वाढ. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी खरं तर 86 च्या जवळ असेल. शिवाय गिअर लांब पडल्यासारखे होतात, चढावर इंजिन दमतं. माझा सल्ला असा की कंपनीच्याच मापात चांगल्या नक्षीचे टायर घ्या, फरक तेवढ्यानेही जाणवतो. उंचीचं काम करायचंच असेल तर नोंदणी आणि विम्याचे नियम आधी विचारून घ्या.

लाइटसाठी आधी काचेचा पिवळेपणा घालवा आणि बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. जुन्या वायरिंगमध्ये दीड-दोन व्होल्ट वाटेतच गळतात. जाड वायर, रिले (बॅटरीतून थेट करंट जोडणारा स्विच) आणि बॅटरीलगत फ्यूज टाकला की साधा 60/55 वॅटचा एच 4 बल्बसुद्धा लख्ख पडतो. त्याच होल्डरमध्ये 100 वॅटचा बल्ब घातला तर होल्डर वितळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब तर नकोच. प्रकाश विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

टाकी भरून, रोजचं सामान टाकून गाडी वजनकाट्यावर न्या. पूर्ण वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून घ्या. मागच्या ॲक्सलचा तो आकडा आणि दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेली मर्यादा कळवा, म्हणजे पाटा घालायचा की नुसते पाट्यांच्या टोकांतले बुश (रबरी गुटके) बदलून भागेल ते सांगता येईल.